मास्तरांना उभा जावई हवा होता

मास्तरांची आठवण निघाली की इतरांचे डोळे भरून येत असतील. माझ्या पोटऱ्या भरून येतात.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, एसटीतले. आपल्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि ह्यांनी तर सगळी हयात नेवासा, नगर, शेवगाव ह्या रस्त्यांवर तिकिटाचा चिमटा टिकटिकवत उभ्यानं काढलेली. ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या माडीवर भाडेकरू होतो. नव्वद सालानंतरची ती चार-पाच वर्षं. बँकेनं मला नेवाशाला टाकलेलं, बायकोची नोकरी नगरला. त्यामुळे बिऱ्हाड नगरच्या सावेडीत, जीव एसटीत आणि देह मास्तरांच्या खोलीत, अशी माझी त्रिस्थळी यात्रा चालू होती. तेव्हा जो दमलो तो आजवर दमलेलाच आहे.

मी मास्तरांना बसलेलं कधी पाहिलं नाही. ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं जेवायचे. पेपर उभ्यानं. दाढी उभ्यानं, न्हावी बिचारा बुटका, तो स्टुलावर चढायचा आणि खाली बघून म्हणायचा, "मास्तर, मान वर करा, न्हाईतर मी पडतो." निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी त्यांना हाताची खुर्ची भेट दिली होती. तिच्यावर काकू वाळवणाची परात ठेवायच्या. हा माणूस झोपतो तरी आडवा का, हे बघायला मी एकदा दुपारी खिडकीतून डोकावलो. आडवे होते खरे, पण दोन्ही तळवे भिंतीला घट्ट टेकवलेले. भिंतीला जमीन धरलं तर उभेच.

"लग्नात पाटावर बसले हुते," काकू सांगायच्या, "त्येबी भटजी वरडला म्हनून."

एका मोडीत निघालेल्या गाडीची घंटी त्यांनी मागून आणली होती. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ही घंटी स्वयंपाकघराच्या दारात टांगलेली असायची. काकूंनी वाढायला सुरुवात केली की मास्तर एक टोला द्यायचे. भाकरी थांबायची. दोन दिले की पुन्हा भाकरी. संसारात इतका कमी शब्दांत चाललेला कारभार मी दुसरा पाहिला नाही. काकूंनी पाहिला होता की नाही ते माहीत नाही. त्या दिवसभर हूं म्हणायच्या आणि संध्याकाळी नुसत्या उसासा टाकायच्या.

आता नदीकडे येतो. यायलाच लागतं. मास्तर मला शनिवारी सावेडीला पळू देतील तर शपथ. महिन्यातले निम्मे रविवार ते मला नदीवर नेत.

गावाखाली प्रवरेवर बंधारा होता. पावसाळा सरला की त्याच्या फळ्या घालायचे, आणि मग मागचं पाणी असं निवांत पडून राहायचं की त्याच्यावर गळालेलं पान हलायचं नाही. सोमवारी पाहिलेलं एक पान मी शनिवारी त्याच जागी ओळखलं होतं. ह्या पाण्यावर मास्तर 'उभ्याची सहल' काढायचे. गावातली बंद पडलेली टॉकीज पाडली तेव्हा तिची सागवानी दारं त्यांनी उचलून आणली आणि एकेका दाराखाली ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा दोरखंडानं आवळल्या. दारांवरची अक्षरं तशीच होती. बाल्कनी. स्टॉल. स्त्रिया. एका दारावर एकच माणूस, तोही उभा, हातात पत्र्याचं पातं ठोकलेला बांबू. सगळ्यांच्या पुढं 'थुंकू नये' ह्या दारावर खुद्द मास्तर. पुढच्या कडेला काठी रोवलेली, तिच्यावर ती घंटी, रविवारपुरती स्वयंपाकघरातून रजेवर आलेली.

नवशिक्यांना ते फार प्रेमानं शिकवायचे, म्हणजे ओरडून.

"आदी गुडघ्यावर! मंग येक पाय. मंग दुसरा. गुडघं सैल सोडा, सायेब, बँकंत उभं ऱ्हाता तसं न्हाई. आन् नजर? नजर लांब! पायाकडं बघितलं की पडला म्हनून समजा."

मी पायाकडे बघितलं. पहिल्याच रविवारी मी इतक्या वेळा पडलो की खालच्या गावांना सावधानतेचा इशारा द्यावा की काय अशी परिस्थिती आली. पाणी तिथं छातीएवढंच, गाळ मऊ, जिवाला धोका काही नाही. धोका फक्त अब्रूला. काठावर धुणं धुणाऱ्या बाया मोजत बसायच्या. शेवटी मासेसुद्धा मला बघून बाजूला होऊ लागले, ओळखीच्या माणसाला वाट द्यावी तसे.

पण एकदा उभं राहता आलं की, खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. बांबू एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. पाणी चुळुक म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढून मास्तरांचं चालूच.

"उजव्या हाताला वीटभट्टी. डाव्या हाताला करंजाचं झाड. फुडं म्हादेवाचा घाट. उतरणारं कोन हाय का? आसंल तर त्यानं घाटावर उतरावं, पान्यात न्हाई."

आठवडाभर साचलेला शीण त्या पाण्यावर थोडा पातळ व्हायचा. मग दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखायच्या आणि शीण व्याजासकट परत यायचा.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. मास्तर निवृत्तीनंतरही हातातून न सुटलेला चिमटा टिकटिकवत म्हणाले, "सायेब, बसल्यावर समदी मान्सं सारखीच दिसत्यात. मानूस हुभा केला की कळतो."

हे वाक्य ऐकायला झकास आहे. पण ते ज्या घरात बोललं जात होतं त्या घरात लग्नाची मुलगी होती.

शैलाताई बालवाडीत शिकवायची. तिशीच्या उंबरठ्यावर आलेली, शांत, बापाची उंची आणि आईचा उसासा घेतलेली. मास्तरांनी ठरवून टाकलं होतं की जावई पारखायचा तर नदीवर. स्थळ आलं, पोहे झाले, चहा झाला, की मास्तर दोन टोले द्यायचे आणि म्हणायचे, "चला पावनं." मुलगा दारावर उभा राहिला तर पुढची बोलणी. पडला तर टॉवेल आणि रामराम. एकजण तर दारावर पाय ठेवायच्या आधीच "आई" म्हणाला आणि काठावरच बसला. त्याला मास्तरांनी टॉवेलसुद्धा दिला नाही. घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलगा दोनदा पडला. गृहस्थांनी उपरण्यानं त्याचं डोकं पुसलं आणि मास्तरांना सुनावलं, "मास्तर, आमी दात बघून बैल घेतो, कास बघून म्हस घेतो. पन म्हशीलाबी पान्यात ढकलून पारखत न्हाई. तुमची पोर तुमच्याच दारावर हुभी ऱ्हानार बघा."

गावानं हे ऐकलं. गाव असलं काही विसरत नाही.

एका संध्याकाळी जिन्यात शैलाताईनं मला गाठलं. "दादा, नगरकडं कुणी असेल ओळखीत तर बघा. मला ह्या घरातून चालत जायचंय. पोहत नाही."

सावेडीत आमच्याच गल्लीत एक मुलगा होता. एमआयडीसीत सुपरवायझर, घरात आई आणि तो. कपडे इस्त्रीचे, स्कूटर धुतलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या घरी मी दोघांची गाठ घालून दिली, दोनदा. शैलाताईला तो आवडला. "कमी बोलतो," ती म्हणाली. "बोलणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत." तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा जरा तजेला पाहिला आणि स्वतःवरच खूश झालो. रीतसर बघण्याचा रविवार ठरला.

आदल्या दिवशी तिनं बापाला स्वयंपाकघरात उभं केलं. म्हणजे तो उभाच होता.

"अप्पा, उद्या नदी नाही."

"बरं."

"बरं नाही. शपथ घ्या. हे मोडलं तर मी परत पोह्यांची बशी घेऊन बाहेर येणार नाही. कधीच नाही. मग तुम्ही आणि आई दोघं खा पोहे."

मास्तरांनी घंटीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कुणीच सोडवायला येईना तेव्हा म्हणाले, "शप्पत. न्हाई नेत."

काकू चुलीपाशी पुटपुटल्या, "लई पोहं झालं गं बाई. कांदा चिरून चिरून माझं डोळं गेलं."

त्याच रात्री मी सावेडी गाठली, आणि रविवारी मुलाची आई आणि मामा माझ्याबरोबर एसटीनं आले. मुलगा स्कूटरवर. "मी एसटीत बसत नाही, मला मळमळतं," तो म्हणाला. "लहानपणापासून एकदाही बसलो नाही." मास्तरांचा चेहरा असा झाला की मला वाटलं इथंच संपलं. पण शपथ होती. त्यांनी गिळलं.

मुलाची आई मात्र अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून सगळा जिल्हा एसटीनं घासून काढलेली. तिची नि मास्तरांची अशी गट्टी जमली की शैलाताईला कुणी काही विचारेचना. कुठली गाडी कुठल्या घाटात बंद पडायची, कुठला ड्रायव्हर पान लावायला गाडी उभी करायचा, सगळी उजळणी झाली. मुलगा टाचणीनं टोचल्यासारखा ताठ बसून पोहे खात होता आणि शैलाताई त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. सगळं छान चाललं होतं. आणि बाई म्हणाल्या, "अहो मास्तर, तुमच्या त्या दारांचं लई ऐकलंय हो नगरला. दाखवा की."

शैलाताईची बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"न्हाई म्हनून शप्पत घेतलीय," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. पण त्यांचा हात आधीच घंटीकडे गेला होता.

"तुम्ही घेतलीय, मी कुठं घेतलीय? जन्म गेला माझा एसटीत उभ्यानं. बघू तरी नदी कशी धरते ते. चल रे, तू पण चल. मामा, उठा."

पाहुणी बाई म्हणते त्याला काय करणार? सगळे निघालो. शैलाताई आणि काकू मागून. वाटेत ती मला एवढंच म्हणाली, "दादा, तो पडला तर अप्पा ह्याला पण टॉवेल देतील." मी म्हटलं, "पडणार नाही. स्कूटरवाला आहे, तोल आहे त्याला." ती पुढं चालू लागली. ओठ मात्र हलत होते. देवाचं नाव घेत असावी.

आणि खरंच, पोरगा उभा राहिला! मास्तरांनी सांगितलं, आधी गुडघ्यावर, तो गुडघ्यावर. मग एक पाय, मग दुसरा, गुडघे सैल, नजर लांब. बाल्कनीच्या दारावर तो असा उभा राहिला, जणू टॉकीज बांधली तेव्हापासून तिथंच होता. त्याच्या शेजारी त्याची आई, 'स्त्रिया'वर, पदर खोचून, पोरीसारखी हसत. मागं मामा, शेवटी मी. मास्तर पुढून वळून वळून बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. करंजाचं झाड गेलं. मी काठाकडे पाहिलं. शैलाताई आमच्याबरोबर काठाकाठानं चालत होती, आणि आता तीही हसत होती.

घाटाजवळ कुणाच्यातरी म्हशी पाण्यात शिरल्या. अख्खा कळप. मास्तरांनी बघितलं आणि आम्हाला थांबवायला सवयीनं घंटीला हात घातला. टण्ण. एक टोला.

आता एसटीनं फिरलेल्या माणसाला विचारा, एक टोला पडला की तो काय करतो. गाडी थांबायची वाट बघतो का? छे. आपला थांबा आला म्हणून पिशवी उचलून दाराकडे सरकतो, नाहीतर मागचा पुढं घुसतो. हे डोक्यात नसतं, पायात असतं. टोला पडला आणि बाईंनी एक पाऊल पुढं टाकलं. मामांनी टाकलं. मी टाकलं. तिन्ही दारांनी तोंडं खाली केली आणि आम्ही तिघंही एकदम, एकाच थांब्यावर उतरल्यासारखे, प्रवरेत उतरलो. मास्तरांच्या नोकरीत इतक्या शिस्तीत उतरलेले प्रवासी त्यांना कधी मिळाले नसतील.

मी तोंडातला गाळ थुंकत वर आलो. मामा वर आले. बाई आल्या नाहीत.

छातीएवढं पाणी, पण बुटक्या बाईला गळ्याएवढं, आणि तिच्या नऊवारीचा सोगा दाराच्या दोरखंडात अडकला होता. एकदा डोकं दिसलं, एकदा हात, मग काहीच नाही. मी त्यांच्याकडे पाण्यातून चालू लागलो. गाळातून चालणं म्हणजे स्वप्नात पळणं. पाय उचलतात आणि अंतर तेवढंच.

मुलगा त्यांच्यापासून एक बांबू लांब होता. एकच बांबू. तो उभा होता. गुडघे सैल. नजर लांब, पलीकडच्या वीटभट्टीवर. खाली त्याच्या दारापाशी त्याच्या आईचा हात पाण्याला थापट्या मारत होता आणि तो तोल सांभाळत होता.

"हुभा हाय!" पुढून मास्तर ओरडले. त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मी तो आवाज आजही विसरू शकत नाही. "शैले, बघ! हुभा हाय गं! हलला न्हाई!"

शैलाताई तोवर पाण्यात होती. ती कधी उतरली मी पाहिलं नाही. साडीसकट, चपलांसकट. तिनं बाईंना काखेत धरून वर ओढलं, सोगा दातांनी सोडवला की फाडला, आणि त्यांना पाठीवर घेतल्यासारखं करून घाटाच्या पायरीवर आणून बसवलं. बाई खोकत होत्या. खूप वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "बाई गं, स्टँड आलं वाटलं मला." आणि हसता हसता रडायला लागल्या.

घरी काकूंनी त्यांना शैलाताईची साडी नेसायला दिली. चहा झाला. मी टॉवेल गुंडाळून दारात कुडकुडत होतो, म्हणून आतलं ऐकू आलं. बाई खाली मान घालून कपातल्या चहाला फुंकर घालत होत्या.

"पोरी, तू चांगली आहेस म्हणून सांगते. मी त्याची आई आहे, मी हे सांगू नये. पण घरीसुद्धा तो असाच उभा असतो गं. माझे गुडघे गेले. मी पाण्याची बादली उचलत असते आणि हा दारात उभा राहून विचारतो, आई, झालं का? वाईट नाही तो. दारू नाही, शिवी नाही. नुसता उभा असतो."

शैलाताईनं त्यांचे ओले केस पुसायला घेतले. बराच वेळ पुसत राहिली. ते शेवटचं स्थळ होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बाईंनासुद्धा कळलं असावं, कारण त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता.

मास्तर ओसरीवर खुशीत येरझारा घालत होते. ती बाहेर आली.

"अप्पा, नको म्हणून सांगा त्यांना."

"आगं!" मास्तरांना काही उमजेना. "येवढ्या वर्षांत पैला गडी हुभा ऱ्हायला. मामा पडला, सायेब पडलं, ह्यो न्हाई पडला. आन् तू नको म्हनती?"

"त्याची आई खाली बुडत होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवण्याइतकं तिच्यात काही उरलं नव्हतं. "त्यानं बघितलं नाही. आणि अप्पा, तुम्ही? तुम्ही कुणाकडं बघत होता?"

मास्तरांच्या हातातला चिमटा वाजायचा थांबला.  काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. 

"मंग मी आता मान्सात बगायचं तरी काय?" मास्तरांनी विचारलं. खरंच विचारलं. मी त्यांना कुणालाही काही विचारताना ऐकलं ते तेवढंच.

"तुम्ही नका बघू. दमलात. मी बघीन, बघायचं झालं तर," असं म्हणून ती बाईंची ओली नऊवारी पिळायला आत गेली.

मास्तरांनी चिमटा खिशात टाकला. मग अंगणात उतरले. मी मागून गेलो, कारण स्थळ मी आणलं होतं. मुलगा स्कूटरच्या आरशात बघून भांग पाडत होता. त्याच्या अंगावर पाण्याचा एक थेंब नव्हता. मास्तरांना बघून त्यानं कंगवा खिशात ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"न्हाई म्हनली पोरगी."

त्याचा विश्वास बसेना. त्यानं माझ्या ओल्या टॉवेलकडे पाहिलं, मामांच्या चिंब धोतराकडे पाहिलं, मग पुन्हा मास्तरांकडे.

"पण मी तर पडलोच नाही!"

"व्हय," मास्तर म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या मऊपणानं त्यांनी कुणाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला नव्हता. "पडाया पायजे हुतं, बाळा. तितं पडाया पायजे हुतं."